हातगुण

मराठीत ‘हातगुण’ हा शब्द आपण बहुधा वैद्यासाठी राखून ठेवतो. औषध तेच असते, पण एकाच्या हातून घेतले तर उतार पडतो आणि दुसऱ्याच्या हातून घेतले तर पडत नाही, अशी लोकांची श्रद्धा. माझे वडील गेले तेव्हा चाळीतल्या माणसांनी हा शब्द त्यांच्यासाठी वापरला. ते वैद्य नव्हते. गिरणगावातल्या एका कापड गिरणीत फिटर होते. स्टोव्ह, छत्री, सायकल, नळ, कडीकोयंडा हे त्यांचे रोगी. हाताचे कसब आणि मनाचा चांगुलपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मग माणूस गेल्यावर लोक त्या एकाच शब्दात का सांगतात, आणि तसे सांगताना काही निसटते का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात या दोहोंमध्ये मार्मिक भेद केला आहे. कसबाच्या क्षेत्रात जाणूनबुजून चूक करणारा नकळत चुकणाऱ्यापेक्षा वरचढ ठरतो, कारण बरोबर काय ते त्याला ठाऊक असते. सद्गुणांच्या बाबतीत नेमके उलट. तिथे जाणूनबुजून चुकणाराच अधिक दोषी. भेद बिनतोड आहे. पण त्याच्या चित्रात एकटा कारागीर आहे आणि समोर त्याची वस्तू आहे. जिची वस्तू मोडली ती बाई त्यात कुठे दिसत नाही.

पंपाचा स्टोव्ह पेटेनासा झाला की दोष बहुतेक दोन ठिकाणी असतो. पंपाच्या दांड्याच्या टोकाचा चामड्याचा वायसर सुकून आकसतो आणि हवा धरत नाही. किंवा निपलच्या भोकात काजळी बसते आणि रॉकेलची वाफ वर येत नाही. पहिल्यावर उपाय वायसर तेलात भिजवून फुगवण्याचा, दुसऱ्यावर पिनेचा. एवढे चाळीत पुष्कळांना येत असे. आप्पा (आम्ही वडिलांना आप्पा म्हणत असू, पुढे सगळी चाळच म्हणू लागली) त्यापलीकडे काही करीत. कोणी पिन आडवीतिडवी घालून निपलचे भोक मोठे करून ठेवले असले, तरी ते ‘निपल जुना झाला होता’ एवढेच म्हणत. दोष वस्तूचा, माणसाचा नव्हे. घरातल्या एखाद्या पोराला ते पक्कड धरायला बसवीत, म्हणजे काम दोघांनी मिळून केले असे ठरे. मदत घेणाऱ्याला थोडे वाकावेच लागते. ते वाकणे त्याला जाणवू न देणे कसबात मोडते की चांगुलपणात, हे मला ठरवता येत नाही. आणि ठरवता येत नाही म्हणूनच ‘हातगुण’ हा शब्द मला योग्य वाटतो.

आपल्याकडे अशा देण्याघेण्याचा विचार ऋणाच्या भाषेत झाला. तैत्तिरीय संहिता तीन ऋणे सांगते: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथे घालते, मनुष्यांचे. माणसाला आसरा द्यावा, अन्न द्यावे, म्हणजे ते फिटते. लोकांच्या तोंडी मात्र तीनच ऋणे राहिली. पितृऋणासाठी श्राद्ध आहे, तिथी आहे, पिंड आहे. शेजाऱ्याच्या ऋणाला विधी नाही. ते न फेडता राहते, आणि कदाचित त्यामुळेच शेजार टिकतो. सगळा हिशेब चुकता झाला की एकमेकांचे दार ठोठावण्याचे कारणच उरत नाही.

ही गोष्ट सुखाच्या दिवसांत बोलायला सोपी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. आमच्या खोलीतलाही थांबला. आप्पा चाळीबाहेर मिळेल त्या वर्कशॉपात रोजाने जाऊ लागले. चाळीतल्या कामाचे मात्र ते पूर्वीसारखेच काही घेत नसत. आईने एकदा स्पष्ट विचारले, “बाहेर घेता, मग इथं का नाही?” ते म्हणाले, “इथं दर लावला तर उद्या कोणी हाक मारणार नाही.” आई म्हणाली, “हाकेनं डबा भरत नाही.”

या दोन वाक्यांमध्ये निवाडा करणे मला आजही सोपे जात नाही. चाळीतल्या बहुतेक खोल्यांतले पगार थांबलेच होते; तिथे दर लावणे म्हणजे बुडत्याकडून होडीचे भाडे घेणे. पण आईचे म्हणणे कमी नैतिक होते असे मानणे ही आपल्या स्मरणलेखांची जुनी खोड आहे. त्या वर्षी तिने पापड लाटले, लोकांच्या साड्यांना फॉल लावले, आणि त्याचे पैसे मोजून घेतले. उदार माणसाचे औदार्य पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या खात्यातून खर्ची पडते. त्या दुसऱ्याची संमती कोणी विचारत नाही.

तरीही आप्पांच्या नकाराला वजन होते, आणि ते का, हे आपल्या समाजात हाताला काय भोगावे लागले ते पाहिल्याशिवाय कळत नाही. गावगाड्यात सुताराचा, लोहाराचा हात जन्माने बांधलेला होता. बलुते हा त्याचा हक्क असला, तरी काम नाकारण्याचा हक्क त्याला फारसा नव्हता. जात ही केवळ श्रमांची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली मांडले. गिरणीने ही बांधणी सैल केली, पण सारी नाही: धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून दलित कामगारांना विणकाम खात्यात घेतले जात नसे, आणि १९२८च्या संपाच्या वेळी आंबेडकरांना तो प्रश्न उभा करावा लागला. हस्तकौशल्याचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही. जो हात नाही म्हणू शकतो, त्याचेच देणे देणे ठरते. आप्पांना दर लावता येत होता. त्यांनी तो लावला नाही.

किर्केगार्डने १८४७ सालच्या ‘प्रेमाची कृत्ये’ या ग्रंथात म्हटले आहे की मृताचे स्मरण हे प्रेमाचे सर्वांत निःस्वार्थ आणि सर्वांत मुक्त कृत्य होय, कारण मृत माणूस परतफेड करीत नाही आणि आठवण ठेवण्याची सक्तीही करीत नाही. मला यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. मृत माणूस आपली आठवण दुरुस्तही करीत नाही. तेराव्याला जो तो आपापला स्टोव्ह, आपापली फळी सांगत होता, आणि ते सगळे खरे होते. पापडांचा उल्लेख कोणी केला नाही. त्यांचा दोष नाही; ते ज्या दारातून आत आले, तिथून आप्पांचे हातच दिसत. आप्पा स्वतः असते तर त्यांनी मध्येच आईचे नाव घेतले असते, असे मला वाटते. पण हेदेखील माझेच वाटणे.

पुढे पावसाळ्यात शेजारच्या खोलीतला मुलगा सवयीने आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्यांचा नळ गळत होता. आईने पलंगाखालून अवजारांची पेटी ओढली, पान्हा काढून त्याच्या हातात दिला, नळ आधी कुठून बंद करायचा ते सांगितले, आणि वायसर मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने आणायला लावला. तासाभराने पान्हा परत आला. तो पुसलेला नव्हता. आईने तो रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि पेटीत ठेवला.