धीर धरणे म्हणजे काय?

मराठी भाषेतील 'धीर' हा शब्द विचार करण्यासारखा आहे. संकटात उडी घालणाऱ्यालाही आपण धीराचा म्हणतो, आणि हाती काहीच उपाय नसता जो डगमगत नाही त्यालाही धीराचाच म्हणतो. शौर्य आणि सबुरी हे वस्तुतः दोन निराळे गुण. परंतु आपल्या बोलीने ते एकाच शब्दात बसविले आहेत. देवावर भरवसा ठेवून वाट पाहावी, असा जो उपदेश ख्रिस्ती शास्त्रात वारंवार येतो, त्याचा अर्थ लावताना हा मराठी शब्द फार उपयोगी पडतो असे आम्हांस वाटते. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा धात्वर्थही 'खाली टिकून राहणे' असाच आहे. ओझे अंगावर घेऊन पाय रोवून उभे राहणे हा त्यातील भाव. निमूटपणे पडून राहणे हा नव्हे.

या उपदेशावर एक जुना आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. धीर धरा असे सांगणारा बहुधा सुखात असतो व ऐकणारा दुःखात. आपल्या देशात विधवांना, कुळांना आणि अस्पृश्य मानलेल्यांना पिढ्यानपिढ्या हाच पाठ पढविण्यात आला; त्यांचा धीर वाढला की नाही देव जाणे, पण पढविणारांची झोप मात्र सुखाची झाली. ख्रिस्ती मंडळीही या दोषापासून अगदी मुक्त राहिली असे म्हणवत नाही. तेव्हा खरा धीर कोणता व खोटा कोणता, हे व्याख्या करून ठरविण्यापेक्षा एखाद्या संसारात पाहणे बरे.

आम्ही ज्या पालीत बसून हे लिहीत आहो, तिच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, पण पुष्कळ उत्तरेस, दापोली तालुक्यात करजगाव आहे. तेथे १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह मागे राहिल्या. नवरा जिवंत, परंतु जातीच्या दृष्टीने मेल्यात जमा; अशा स्थितीत नातलगांच्या घरी त्यांनी चार-पाच वर्षे काढली. हा काळ त्यांनी 'स्मृतिचित्रां'त सांगितला आहे, आणि तो ज्या हसतमुखाने सांगितला आहे त्यामुळेच वाचणाराचा गळा दाटून येतो.

टिळक स्वभावाने शांत होते असे कोणीच म्हणणार नाही. रागीट, उतावळे, हातचे उद्याचा विचार न करता देऊन टाकणारे, असे त्यांचे चित्र पत्नीनेच रेखाटले आहे. अशा माणसाने या एका बाबतीत मात्र घाई केली नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, त्याही आपले सोवळेओवळे घेऊन आल्या. घर एक, परंतु पाणी निराळे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा उलगडा त्यांच्या मनात त्यांच्याच वाटेने झाला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीची सत्ता निर्विवाद मानणाऱ्या त्या काळी एका पतीने पत्नीच्या विवेकबुद्धीसाठी थांबावे, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पुष्कळशा कवितांहून मोठी वाटते. देवावर भरवसा ठेवणे याचा एक अर्थ असाही आहे की, दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरून देवाचे काम आपण उरकू नये.

परंतु अधिक अवघड प्रश्न लक्ष्मीबाईंचा आहे. वियोगाच्या वर्षांत त्या ख्रिस्ती नव्हत्या. उलट ज्या धर्माने संसार मोडला त्याचा त्यांस संतापच होता. मग त्या दिवसांत त्यांस जे बळ मिळाले, ते कोणी दिले? त्यांच्या त्या धीराला मागाहून ख्रिस्ती शिक्का मारणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. आमच्या समजुतीप्रमाणे देव आपले नाव विचारल्यावाचूनही बळ देतो. ज्या टिळकांना तुकारामाच्या अभंगांतून ख्रिस्ताकडे जाण्याची वाट सापडली, त्यांस हे मान्य झाले असते.

याकोबाच्या पत्रात धीराचा दाखला म्हणून शेतकरी पुढे केला आहे. पॅलेस्टाइनात पाऊस हिवाळ्याचा; आरंभीच्या सरींनी जमीन नांगरण्याजोगी होते आणि शेवटच्या सरींनी दाणा भरतो, म्हणून तेथील कुणबी दोन्हींची वाट पाहतो. आमच्या पालीकडे पाऊस मृगाचा, परंतु वाट पाहणे तेच. तरवा वाढलेला असतो, आणि नेमकी उघडीप पडते. अशा वेळी कुणबी हात जोडून बसत नाही, की आभाळावर रुसतही नाही. तो बांध बांधून घेतो, खेकड्यांनी पाडलेली भोके बुजवितो, अवजारे नीट करतो. सर आली की तिचे पाणी खाचरात राहील एवढीच त्याची सत्ता. सर आणणे त्याच्या हाती नाही. त्याचे काम व त्याची प्रतीक्षा या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. बांध फुटका ठेवून जो नुसता वर पाहत बसतो, त्याला गावात कोणी श्रद्धाळू म्हणत नाही.

यशयाच्या ग्रंथात, बाबेलच्या बंदिवासात खचलेल्या लोकांस उद्देशून, परमेश्वराची वाट पाहणारांस नवे बळ मिळेल असे आश्वासन आहे. ते गरुडासारखे उडतील, धावतील, चालतील, असा त्यात क्रम आहे. आम्हांस तो पूर्वी उलटा वाटे. चालणे आधी व उडणे शेवटी यावयास हवे होते. परंतु उडण्याचे प्रसंग आयुष्यात थोडे, आणि तेव्हा उत्साहच माणसाला वाहून नेतो. रोजच्या रस्त्याने, कोणी पाहत नसताना चालत राहावयाला जे बळ लागते, ते शेवटी सांगण्याइतके दुर्मिळ आहे.

आता आक्षेपाकडे वळू. पंडिता रमाबाईंचा देवावरील भरवसा कोणाहून उणा होता असे म्हणता येणार नाही. दुष्काळात त्यांचे आईबाप गेले, पुढे भाऊ गेला, पती गेले. परंतु त्यांनी विधवांना 'सोसा' असे सांगितले नाही. १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले. पुढच्या दुष्काळात मुलींना गोळा करून केडगावास आणले. सोसणे स्वतःकडे ठेवावे आणि दुसऱ्याचे सोसणे मात्र थांबवावे, असा त्यांचा धीर होता. आक्षेप घेणारांनी ज्या धीराचा धिक्कार केला आहे, तो याच्या नेमका उलट आहे, आणि त्या धिक्कारात आम्हीही त्यांच्याबरोबर आहो.

उतारवयात रमाबाईंनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. छपाईची कामे आश्रमातल्या मुलींनीच शिकून घेतली. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. आश्रमाचा भार जिच्या खांद्यावर टाकावयाचा तीच गेली. भाषांतराचे काम त्यानंतरही चालू होते. १९२२ च्या एप्रिलात रमाबाई गेल्या, आणि समग्र ग्रंथ छापून बाहेर पडला तो त्यांच्या मागून.