तपासणीचे व्रत

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये ५ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री आग लागली; अतिदक्षता विभागातले किमान सहा रुग्ण दगावले. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये दहा नवजात बाळे अशीच गेली. प्रारब्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे.

जयपुरात रुजलेली जैन परंपरा तशी मोकळीक देत नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्याच प्रमादाशी, म्हणजे बेफिकिरीशी, जोडली. कुंदकुंदाचार्य तर सांगतात, जीव मरो वा न मरो, बेफिकिरी ही हिंसाच. याच भावनेने श्वेतांबर साधू रोज वस्त्रे-पात्रे निरखतात. मग दवाखान्यातली वायरिंग, ऑक्सिजनची नळी, उकळलेली उपकरणे त्याच नजरेने का तपासू नयेत? न पाहताच रकान्यात खूण करणारा निरीक्षक या कसोटीवर दोषीच.

ही तपासणी फक्त मोठ्या रुग्णालयांपुरती नाही; राजस्थानने स्वीकारलेल्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्यात एकट्या डॉक्टरचा दवाखानाही येतो.