ओहोटीची वाट

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जेथे सागरास मिळते त्या परिसरात, श्रीक्षेत्र हरिहरेश्वर वसलेले आहे. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या कुशीतील या स्थानास भाविक ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखतात. इ. स. १७१३ मध्ये पेशवेपदी आलेले बाळाजी विश्वनाथ भट हे मूळचे श्रीवर्धनचे. त्यांच्या घराण्याचे हे कुलदैवत. आजही अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या येथे कुलाचारासाठी येतात. प्रथम श्रीकालभैरवाचे दर्शन, त्यानंतर श्रीहरिहरेश्वराचे आणि पुन्हा श्रीकालभैरवाचे, असा येथील दर्शनाचा क्रम आहे.

या क्षेत्राचे वैशिष्ट्य म्हणजे येथील प्रदक्षिणा. अन्य देवालयांत प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती होते. येथे ती डोंगराला आणि सागराला सोबत घेऊन होते. मंदिरामागून वाट टेकडीवर चढते, दोन कड्यांमधील अरुंद पायऱ्यांनी खाली उतरते आणि थेट समुद्राच्या खडकांवर येते. लाटांनी शतकानुशतके कोरलेले, मधाच्या पोळ्याप्रमाणे जाळी पडलेले कातळ एका हाताला आणि अथांग सागर दुसऱ्या हाताला. मात्र ही वाट सदैव मोकळी नसते. भरतीच्या वेळी ती पाण्याखाली जाते; ओहोटी लागल्यावरच पुन्हा उघडते. म्हणजेच येथे प्रदक्षिणा केव्हा करावयाची हे भाविक ठरवीत नाही, सागर ठरवितो. या एका गोष्टीत या क्षेत्राची सारी शिकवण साठविलेली आहे.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षातील एकादशीस पुण्याहून एक वृद्ध गृहस्थ एकटेच येथे आले होते. हरिहरेश्वर हे त्यांचे कुलदैवत. पूर्वी ते पत्नीसह अनेकदा येत. परंतु परतीच्या एस.टी.ची वेळ सांभाळण्याच्या घाईत ते नेहमी दर्शन घेऊनच परतत. “एकदा पूर्ण प्रदक्षिणा करू या हो,” असे पत्नी प्रत्येक खेपेस म्हणे आणि “पुढच्या वेळी,” असे ते उत्तर देत. त्या वर्षी आषाढात पत्नी निवर्तली. तिची राहिलेली प्रदक्षिणा आपण पुरी करावी, या हेतूने ते आले होते. आणि याही खेपेस त्यांच्या खिशात अकराच्या गाडीचे तिकीट होते.

सकाळी नऊच्या सुमारास ते पायऱ्या उतरून खाली आले, तो समोर वाट नव्हतीच. लाटा कातळावर आदळून शेवटच्या पायऱ्यांपर्यंत येत होत्या. गृहस्थ संतापले. तसेच पुढे जाण्यासाठी त्यांनी धोतराचा काचाही मारला. तेवढ्यात कोळीवाड्यातील एक म्हातारे तेथे आले. ते म्हणाले, “आजोबा, आज एकादस. सव्वाआठाची भरती. दोन वाजता पाणी पार उतरंल, पन बारा-एकपातूर वाट मोकळी हुईल. तवर वर बसा. दर्या कुनाची गाडी बघत नाय.”

नाइलाजाने ते गृहस्थ वर येऊन एका दगडावर बसले. पहिला तासभर ते घड्याळाकडे पाहत होते. अकराची गाडी गेली. त्यानंतर पाहण्यासारखे घड्याळात काही उरले नाही, म्हणून ते समुद्राकडे पाहू लागले. लाट येत होती, जात होती. आणि मनात, कोणी न बोलाविता, एक एक प्रसंग येऊ लागला. पत्नीने केलेली बोलणी, त्यांना दिलेली अर्धवट उत्तरे, ‘पुढच्या वेळी’ म्हणून पुढे ढकललेल्या लहान लहान गोष्टी. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्याजवळ असे स्वस्थ, काही न करता, आपण एकदाही बसलो नाही, हे त्या दिवशी त्यांना प्रथमच स्पष्ट दिसले. ते बराच वेळ रडले. एकच्या सुमारास ते म्हातारे पुन्हा आले आणि त्यांच्या हाताला धरून त्यांनी प्रदक्षिणा पूर्ण करविली. निघताना ते गृहस्थ म्हणाले, “प्रदक्षिणा तिची राहिली होती असे मी समजत होतो. राहिली होती ती माझी.”

या प्रसंगात चमत्कार नाही. सागराने त्यांना काही दिले नाही, केवळ थांबविले. परंतु मनुष्य जोवर थांबत नाही, तोवर तो स्वतःला भेटत नाही. आत्मपरीक्षण हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण त्यासाठी लागणारा रिकामा वेळ आपण स्वतःला कधी देत नाही. मन शांत करावे म्हणून आपण प्रवास करतो आणि प्रवासाची घाई बरोबर घेऊनच देवासमोर उभे राहतो.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत सागर हाही एक गुरू आहे. वर्षाकाळी नद्या भरभरून आल्या तरी तो मर्यादा ओलांडीत नाही आणि ग्रीष्मात त्या आटल्या तरी तो सुकत नाही; तसे साधकाने लाभाने फुगू नये व हानीने खचू नये, असा त्याचा आशय. याच स्कंधावर संत एकनाथ महाराजांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली व ती इ. स. १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही स्थितप्रज्ञाचे वर्णन करताना भगवंतांनी सागराचाच दृष्टांत दिला आहे. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. शांत सागर म्हणजे लाटा नसलेला सागर नव्हे. लाटा असतातच. शांती म्हणजे विकार मुळीच न उठणे नव्हे, तर उठलेल्या विकारासरशी वाहून न जाणे होय.

प्रतीक्षेचा धडा प्रभू श्रीरामचंद्रांनाही सागराकाठीच गिरवावा लागला. लंकेच्या वाटेवर सागराने मार्ग द्यावा म्हणून ते दर्भासनावर तीन रात्री प्रार्थना करीत राहिले. पुढे त्यांनी क्रोधाने धनुष्यही उचलले. तथापि मार्ग झाला तो सागर आटवून नव्हे. नलाच्या हातून एकेक शिळा रचूनच सेतू बांधावा लागला. आतली वाटही अशीच असते. ती एका आवेशात होत नाही.

कोकणातील दर्यावर्दी मंडळींचा एक जुना आडाखा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ही वेळ दररोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. हा केवळ आडाखा होय. प्रदक्षिणेपूर्वी स्थानिकांना विचारूनच खाली उतरावे. पावसाळ्यात, उधाणात अथवा खडक ओले असताना साहस करू नये. येथील लाटांनी बेसावध माणसे ओढून नेली आहेत. वाट बंद असेल तर मंदिरातच प्रदक्षिणा करून सागरास दुरून हात जोडावेत. माघारी फिरणे हा भक्तीतील उणेपणा नव्हे. आपल्या वाचून कोणाचे तरी घर उघडे पडेल, याचे भान ठेवणे हाही धर्मच आहे.

भाविकहो, दर्शन झाल्यावर लगेच वाहनाकडे धावू नका. अर्धा घटका तरी किनाऱ्यावर निवांत बसा. भ्रमणध्वनी बंद ठेवा. कोणता राग आपण अजून धरून ठेवला आहे, कोणाचे ऐकून घ्यावयाचे राहिले आहे, आणि ‘पुढच्या वेळी’ म्हणून काय पुढे ढकलले आहे, एवढेच स्वतःला विचारा. उत्तर तत्काळ मिळेलच असे नाही. भरती असेल तर थांबा. आणि उत्तर मिळाले, तर ते येथे ठेवून जाऊ नका, घरी न्या. ज्याचे ऐकावयाचे राहिले आहे तो माणूस अजून घरी वाट पाहत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसणे हीच या क्षेत्राची पूर्ण प्रदक्षिणा होय.

॥ श्रीहरिहरेश्वर प्रसन्न ॥