नकाराची किंमत : पर्यायी इतिहास आणि विधवा डचेसची निवड

काव्याचा संबंध संभाव्याशी आणि इतिहासाचा घडलेल्याशी, ही अ‍ॅरिस्टॉटलने केलेली विभागणी ‘पर्यायी इतिहास’ या लेखनप्रकारापाशी येऊन अडखळते. एखादी घटना वेगळी घडली असती तर पुढे काय झाले असते, याची कथा रचणारे हे लेखन संभाव्याचेच असते. परंतु ही संभाव्यता मिटलेली आहे हे लेखक आणि वाचक दोघांनाही आधीच ठाऊक असते. शिवाय ती कोण्या कल्पित पात्राची नसते. कधीकाळी खरोखर जगलेल्या, निर्णय घेतलेल्या आणि त्या निर्णयांचे परिणाम भोगलेल्या माणसाच्या नावावर ती लिहिली जाते. त्यामुळे या प्रकाराविषयीचा प्रश्न कल्पकतेपाशी संपत नाही. दुसऱ्याने केलेली निवड बदलून त्याच्या पदरी वेगळी निवड घालण्याचा अधिकार लेखकाला कोठून मिळतो, असा तो नैतिक प्रश्न आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार परिचित आहे तो प्रामुख्याने जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे. १७६१च्या रणांगणावर विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात त्यांना लागत नाही आणि तेथून इतिहासाची वाट फुटते. या कथेचे वळण एका अपघातावर आधारलेले आहे. गोळीला इच्छा नसते. ती किंचित बाजूने गेली असे मानल्याने कोणावर अन्याय होत नाही आणि कोणाचा निवाडाही होत नाही. वळणाच्या ठिकाणी अपघाताऐवजी माणसाचा निर्णय असेल तर मात्र स्थिती पालटते. ‘तिने होकार दिला नसता तर’ या वाक्यात ‘तिला नकार देता आला असता’ हे विधान गृहीत असते. कल्पनेच्या आवरणाखाली लेखक एक साक्ष नोंदवत असतो, आणि ती साक्ष तपासली जाणे आवश्यक ठरते.

मध्ययुगाच्या अखेरीस ब्रिटनीची डचेस अ‍ॅन हिच्या आयुष्यात अपघात आणि निर्णय ही दोन्ही वळणे एकाच वर्षी आली. १४७७ साली जन्मलेल्या अ‍ॅनचे वडील, ड्यूक दुसरा फ्रान्सिस, १४८८ मध्ये फ्रान्सच्या राजसैन्याकडून पराभूत झाले आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावले. राजाच्या संमतीवाचून मुलींचे विवाह करायचे नाहीत, ही अट पराभवानंतरच्या तहातच घालण्यात आली होती. ती धुडकावून १४९० मध्ये अ‍ॅनचा प्रतिनिधीद्वारा विवाह हॅब्सबर्ग घराण्यातील मॅक्सिमिलियनशी लागला. पण पुढच्याच वर्षी रेन शहराला वेढा पडला आणि डिसेंबर १४९१ मध्ये लाँजे येथे तिला फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सशी विवाह करावा लागला. चार्ल्स पुत्रावाचून मरण पावला तर विधवेने त्याच्या वारसाशीच, तसे शक्य असल्यास, विवाह करावा, असे कलम त्या करारात होते. ७ एप्रिल १४९८ रोजी अँब्वाजच्या गढीत दाराच्या चौकटीला डोके आपटल्यानंतर काही तासांत चार्ल्स मरण पावला. त्यांच्या मुलांपैकी एकही मूल मागे उरले नव्हते. अ‍ॅनचे वय तेव्हा २१ होते.

येथपर्यंत अपघात आहे. पुढे जे घडले ते अपघातात बसत नाही. ती ब्रिटनीत परतली, डचीचा कारभार तिने हाती घेतला आणि स्वतःच्या नावाने सोन्याची नाणी पाडली. नवा राजा बारावा लुई हा विवाहित असल्याने करारातील ‘शक्य असल्यास’ या शब्दांत एक फट राहिली होती. ऑगस्ट १४९८ मध्ये अ‍ॅनने लुईशी विवाह करण्याचे मान्य केले ते त्याने वर्षभरात आधीच्या विवाहातून मुक्तता मिळवावी या अटीवर. विवाह झाला ८ जानेवारी १४९९ रोजी, तिच्याच नांत शहरी.

पर्यायी इतिहासकाराला मोह पडतो तो नेमका या पाच महिन्यांचा. येथे अ‍ॅनच्या तोंडी नकार घातला की ब्रिटनी स्वतंत्र राहते आणि एक पराधीन स्त्री स्वाधीन होते, असे हे कथानक. त्यात दोन दोष संभवतात. पहिला दोष कालविपर्यासाचा : उत्तरकालीन व्यक्तिस्वातंत्र्याची कल्पना पंधराव्या शतकातील डचेसच्या मनात पेरली जाते. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. कल्पनेतील अ‍ॅन जितकी तेजस्वी होत जाते, तितकी खरी अ‍ॅन दुबळी ठरत जाते. गौरवाच्या हेतूने लिहिलेली कथा तिच्यावरचे आरोपपत्र होऊन बसते. याउलट, ‘तिच्यापुढे पर्यायच नव्हता’ असे म्हणून तिला दोषमुक्त करणारा इतिहासकार तिचे कर्तृत्वच काढून घेतो. आरोप आणि दया या दोन्ही भूमिकांत ती व्यक्ती म्हणून शिल्लक राहत नाही.

अ‍ॅनला नकार माहीत होता, याची नोंद इतिहासातच आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर अलँ द’आल्ब्रे या पन्नाशीला टेकलेल्या सरदाराशी तिने विवाह करावा, असा आग्रह पालनकर्त्यांपैकी काहींनीच धरला होता. बारा वर्षांच्या आतबाहेरच्या त्या मुलीने तो विवाह निक्षून नाकारला. दुखावलेल्या द’आल्ब्रेने पुढे १४९१ मध्ये नांत शहर फ्रान्सच्या स्वाधीन केले. म्हणजे नकाराची किंमत काय असते, हे तिने एकदा मोजले होते आणि ते चलन तिच्या प्रजेच्या वेशींचे होते. १४९८ मधील तिच्या होकाराकडे पाहताना हा अनुभव वजा करता येत नाही. इतर वाटाही रुंद नव्हत्या. मॅक्सिमिलियनने १४९४ मध्ये दुसरा विवाह केला होता. दुसऱ्या एखाद्या परकीय राजपुत्राची निवड म्हणजे फ्रान्सशी युद्धाला आमंत्रण होते. अविवाहित राहणे शक्य होते. पण वारसाविना राहिलेली डची तिच्या मृत्यूनंतर कोणाच्या हाती पडली असती, याचे उत्तर तिला ठाऊक होते.

तरीही तिच्या होकाराला शरणागती म्हणता येत नाही, कारण १४९९ च्या विवाहकरारात तिने स्वतःच एक पर्यायी इतिहास लिहून ठेवला आहे. दुसरे अपत्य, मग तो मुलगा असो वा मुलगी, ब्रिटनीचा वारस होईल. फ्रान्सचा मुकुट आणि ब्रिटनीची डची एकाच मस्तकावर येणार नाहीत, हा त्या कराराचा आशय. १४९१ मध्ये जिंकलेल्या पक्षाने अटी घातल्या होत्या. आठ वर्षांनी तीच स्त्री अटी घालत होती. हा भविष्यकाळ प्रत्यक्षात आला नाही. थोरली मुलगी क्लोद हिचा विवाह हॅब्सबर्ग घराण्यातील चार्ल्सशी व्हावा, यासाठी अ‍ॅनने प्रयत्न केले आणि १५०४ मध्ये तसा तहही झाला. परंतु १५०६ मध्ये लुईने तो मोडून क्लोदचा वाङ्‌निश्चय फ्रान्सिसशी, म्हणजे भावी पहिल्या फ्रान्सिसशी, केला. जानेवारी १५१४ मध्ये अ‍ॅन मरण पावली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो विवाह उरकण्यात आला. १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्समध्ये विलीन झाली.

यावरून एक निकष सुचवता येतो. ज्या पर्यायी इतिहासाचे वळण निर्णयावर आहे, त्याने आपला पर्याय त्या व्यक्तीच्या स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या हेतूतून घ्यावा. लेखकाच्या काळाला प्रिय असलेल्या इच्छेतून घेऊ नये. अ‍ॅनने लुईला झिडकारले असते तर, या प्रश्नापेक्षा ‘तिचा करार पाळला गेला असता तर’ हा प्रश्न अधिक न्याय्य आहे. पहिल्यात तिची इच्छा दुरुस्त केली जाते, तर दुसऱ्यात तिची इच्छा गांभीर्याने घेतली जाते आणि तिचा भंग करणाऱ्यांना जाब विचारला जातो.

पण हा निकषही पुरेसा नाही. या कथेत आणखी एक स्त्री आहे आणि बहुतेक कथनांत ती दाराआड राहते. लुईची पहिली पत्नी झान ही अकराव्या लुईची मुलगी. हा विवाह आपल्यावर लादला गेला व तो कधी पूर्णत्वास गेला नाही, असा दावा लुईने केला आणि चर्चच्या न्यायाधीशांपुढे तिच्या शारीरिक व्यंगाची चर्चा झाली. झानने तो दावा नाकारला, पण डिसेंबर १४९८ मध्ये निकाल तिच्याविरुद्ध गेला. पुढे बूर्ज येथे तिने जोगिणींचा संप्रदाय स्थापन केला, १५०५ मध्ये ती निवर्तली आणि १९५० मध्ये चर्चने तिला संतपद दिले. अ‍ॅनने घातलेल्या अटीची पूर्ती झानच्या अवमानातूनच होणार होती. स्वतःच्या भूमीसाठी दूरदृष्टीने केलेली निवड अशा प्रकारे दुसऱ्या स्त्रीच्या न्यायालयीन विटंबनेवर उभी होती.

निकाल झानच्या बाजूने लागला असता तर? वर्षाची मुदत सरली असती आणि अ‍ॅन, स्वतः नकार न देताही, वचनमुक्त झाली असती. तिची मुक्तता या एका वळणावर दुसरीच्या मुक्ततेशी गुंतलेली दिसते. असे वळण लिहिण्यासाठी अ‍ॅनला अधिक शूर करण्याची गरज नाही. काही न्यायाधीशांना आणि एका राजाला अधिक न्यायी करावे लागते. नायिकेच्या तोंडी नकार घालणे सोपे असते. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांच्याकडून न्यायाची अपेक्षा धरणारी कल्पना अधिक अवघड असते, कारण तिच्यात दोष योग्य जागी जाऊन पडतो.

निवड कोणी केली याबरोबरच निवडीची किंमत कोणी मोजली, हे पर्यायी इतिहासाच्या समीक्षेने विचारले पाहिजे. हा हिशेब न मांडणारी कथा मृतांना नवे आयुष्य देते, पण त्यांचे ऋण फेडत नाही.