बाकावरच्या सात पोरी

काल रात्री तू फोनवर म्हणालास, "सर, पोरी थकल्या, नाहीतर सामना आपलाच होता." तेव्हा मी गप्प राहिलो, कारण रागाच्या भरात बोलायचं नव्हतं. आता बोलतो. शेवटपर्यंत ऐक आणि मधे तोंड उघडू नकोस.

पोरींना तू थकवलंस. चाळीस मिनिटांचा सामना आणि वर पाच-पाच मिनिटांचे दोन ओव्हरटाइम, म्हणजे पन्नास मिनिटं झाली. त्यातल्या शेवटच्या सतरा मिनिटांत तू एकही बदली केली नाहीस. मी वरच्या पायरीवर बसून घड्याळ बघत होतो. बारा जणींच्या संघातल्या सात जणी बाकावर होत्या. त्यांना काय पाण्याच्या बाटल्या भरायला नि टाळ्या पिटायला आणलं होतंस?

तुझ्या चार नंबरच्या पोरीकडे तू पाहिलंस का? तुझी नजर सारखी पंचांवर होती, म्हणून विचारतो. पहिल्या ओव्हरटाइममध्ये शिट्टी वाजली की ती जर्सीने तोंड पुसायची. दुसऱ्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून नुसती खाली बघत उभी राहायची, छातीचा भाता चाललेला. समोरची पोर चेंडू घेऊन शेजारून निघाली तेव्हा तिचे पाय हललेच नाहीत, नुसता हात गेला आणि फाउल झाला. मग अडीच मिनिटं उरली असताना ती फ्री थ्रोला उभी राहिली. पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून खाली आला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही. आणि तू बाहेरून ओरडलास, "गुडघे वाकव!" अरे, गुडघे वाकतच होते. त्यांना सरळ व्हायला जोर उरला नव्हता.

फ्री थ्रो पायांनी मारतात, हे मी तुला तू आठवीत असताना शिकवलं होतं. चेंडू डावी-उजवीकडे गेला तर हात बघ, सारखा आखूड पडायला लागला तर पाय बघ. ही साधी खूण तुला काल दिसली नाही, की दिसूनही तू डोळेझाक केलीस?

माझ्या मते दिसली. मला राग आलाय तो त्याचाच.

तू बदली का केली नाहीस, ते मला ठाऊक आहे. मीही तीस वर्षं त्याच जागेवर उभा राहिलोय. राखीव पोर आत घातली, तिने चेंडू घालवला आणि सामना गेला, तर लोक म्हणणार, कोचचं डोकं फिरलं होतं. पहिल्या पाच जणी खेळवत ठेवल्या आणि हरलो, तर लोक म्हणणार, पोरी बिचाऱ्या थकल्या. काल तेच झालं आणि ते वाक्य सगळ्यांत आधी तूच उच्चारलंस. तुझ्यावर येणारा दोष तू सतरा वर्षांच्या पोरींच्या पायांवर ढकललास. त्याला तू "माझ्या मेन प्लेयर्सवर विश्वास" असं नाव देतोस. याला विश्वास म्हणत नाहीत, भित्रेपणा म्हणतात.

तू मला लगेच सांगशील की एनबीएत लोक साठ-साठ मिनिटं खेळतात. खेळतात ना. 9 नोव्हेंबर 1989 ला मिलवॉकीत पाच ओव्हरटाइम झाले, तेव्हा सिअॅटलचा डेल एलिस 69 मिनिटं खेळला आणि त्याने 53 गुण केले. सिअॅटल 155-154 असं एका गुणाने हरलं. एलिसला बसवलं असतं तर जिंकले असते, असं मी म्हणणार नाही, कारण ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तो पगारी, पूर्ण वाढीचा, रोज त्याच कामावर असलेला माणूस होता. तुझ्या पोरी आदल्या रात्री एसटीने आल्या, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपल्या आणि सकाळी एक सामना खेळून संध्याकाळी या सामन्याला उभ्या राहिल्या. कुणाचं उदाहरण कुणाला लावतोस?

उदाहरणच हवं तर बोस्टनचं घे. 4 जून 1976, एनबीएच्या अंतिम फेरीचा पाचवा सामना, बोस्टन सेल्टिक्स विरुद्ध फिनिक्स सन्स. पूर्ण वेळेत 95-95, पहिल्या ओव्हरटाइमनंतर 101-101, दुसऱ्यानंतर 112-112. मालिका 2-2 अशी, आणि तिसरा ओव्हरटाइम सुरू. बोस्टनचे कावन्स आणि स्कॉट सहा फाउल होऊन बाहेर गेले होते, त्यात पॉल सायलसही गेला. सायलस म्हणजे रिबाउंडचा माणूस. त्याच्या जागी तसाच धिप्पाड गडी घालावा, असं कुणीही म्हणालं असतं. कोच टॉम हाइनसनने घातला ग्लेन मॅकडॉनल्ड, दुसऱ्याच वर्षी खेळणारा, बाकावर बसायची सवय झालेला पोरगा. हाइनसनला पळणारे पाय हवे होते. कोर्टावरचे बाकीचे नऊ जण पाय ओढत चालले होते आणि हा एकटा पळत होता. त्या पाच मिनिटांत त्याने 6 गुण केले. बोस्टन 128-126 जिंकलं, आणि दोन दिवसांनी सहावा सामना जिंकून विजेतं झालं.

आता याचा भलता अर्थ काढू नकोस. त्याच सामन्यात बोस्टनचा जो जो व्हाइट 60 मिनिटं खेळला, 33 गुण केले आणि त्याला हाइनसनने काढलं नाही. बरोबरच केलं. पाचही बदला, असं कुणी सांगत नाही. पाचांत एक जण ताजा असला की बाकीच्या चौघांचं ओझं हलकं होतं. पळत मागे यायला कुणीतरी असतं, सुटलेल्या चेंडूवर झेप घ्यायला कुणीतरी असतं, आणि समोरच्या दमलेल्या माणसाला त्याच्यामागे धावावं लागतं. काल तुला एकच बदली हवी होती. एक!

पोर्टलंडचा 3 मे 2019 चा सामना तर तू स्वतः मोबाइलवर पाहिलायस, मला सांगितलंही होतंस. पोर्टलंड विरुद्ध डेन्व्हर, चार ओव्हरटाइम. डेन्व्हरचा निकोला जोकिच जवळपास 65 मिनिटं खेळला. 33 गुण, 18 रिबाउंड, 14 असिस्ट. माणूस नव्हे, डोंगर. चौथ्या ओव्हरटाइममध्ये पोर्टलंडच्या बाकावरून आलेल्या रॉडनी हूडने 7 गुण केले. शेवटची 18 सेकंद उरली असताना आघाडी देणारा तीन गुणांचा फटका त्याचाच. मग संघ दोन गुणांनी मागे असताना जोकिच फ्री थ्रोला उभा राहिला आणि पहिलाच हुकला. पोर्टलंड 140-137 जिंकलं. डोंगराचेही पाय दमतात, तर तुझ्या चार नंबरचं काय घेऊन बसलास.

आणि बदली म्हणजे पोरीला कायमचं बाहेर बसवणं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? नव्वद सेकंद बसवायचं. दमलेल्या स्नायूंतला झटक्यात वापरायचा साठा दोन-तीन मिनिटांच्या विश्रांतीत बराचसा भरून येतो. टाइमआउटच्या जरा आधी बाहेर काढलीस तर घड्याळावरचं अर्धं मिनिटच जातं आणि पोरीला प्रत्यक्षात दोन मिनिटं मिळतात. प्रत्येक ओव्हरटाइममध्ये तुला एक टाइमआउट होता. पहिल्यातला तू वापरलासच नाहीस. नियमही तुझ्याच बाजूने होता. शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्यांनी बास्केट केलं की घड्याळ थांबतं आणि बदली घ्यायची संधी आपल्याला मिळते. काल ती तीनदा आली, मी मोजली. बदली राखीव खेळाडूने स्वतः स्कोअर टेबलवर जाऊन मागायची असते. तुला फक्त "जा" म्हणायचं होतं.

कुणाला म्हणायचं होतं, तेही सांगतो. अकरा नंबर. पहिला ओव्हरटाइम सुरू झाला तेव्हा तिने आपणहून वॉर्मअपचं जॅकेट काढून घडी करून बाकाखाली ठेवलं. बुटांची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली. चार नंबरचा दुसरा फ्री थ्रो आखूड पडला तेव्हा ती उठून उभी राहिली आणि तुझ्याकडे बघत राहिली. तू मान वळवली नाहीस. ती बसली. सामना संपल्यावर तिने तेच घडी केलेलं जॅकेट उचललं आणि पुन्हा अंगात घातलं. त्यावर घामाचा एक थेंब नव्हता.

"ती तयार नाही सर," असं तू म्हणशील. मग तयार कुणी करायची होती? साखळीतल्या दुसऱ्या सामन्यात तुझा संघ छत्तीस गुणांनी पुढे होता. तेव्हाही तू पहिल्या पाच जणींनाच रेटत राहिलास, कारण तुला फरक पन्नासवर न्यायचा होता. त्या दिवशी अकरा नंबरला बारा मिनिटं दिली असतीस, तर काल तिच्याकडे बघायला तुला भीती वाटली नसती. सरावात तू तिला कायम दुसऱ्या पाचांत ठेवतोस. चार नंबरबरोबर ती एकदाही खेळलेली नाही, पास कुठे येणार हे तिला ठाऊक नाही. ओव्हरटाइमची बदली ओव्हरटाइममध्ये सुचत नसते, ती जुलैपासून करत यावी लागते.

मी तुला खूप बोललो, कारण तुला कळतं. ज्याला कळत नाही त्याच्यावर मी माझा घसा कोरडा करत नाही. कोर्टावर तू हुशार होतास आणि बाकावर बसायचं दुःखही तुला माहीत आहे. अकरावीत मी तुला एक अख्खा सामना बसवून ठेवलं होतं. तो माझा चुकीचा निर्णय होता आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या संघासमोर मी तसं सांगितलं होतं. ते तू विसरला नसशील.

उद्या सकाळी सहाला सराव आहे ना? चार नंबरला सुट्टी दे, तिला झोपू दे. अकरा नंबरला पहिल्या पाचांत उभी कर. आणि सराव सुरू करण्याआधी, सगळ्या बारा जणी ऐकत असताना, कालचा सामना कुणाच्या चुकीने गेला ते तुझ्या तोंडाने सांग.