दाखला नसलेली म्हातारी

बेंगळूरच्या कन्नड वर्तमानपत्रांत मराठी वाचकाला ओळखीचे शब्द भेटतात : साक्षी, पुरावे, दाखले. शेवटची दोन तिकडची एकवचने. 'दाखला' हा मूळचा अरबी शब्द फारसी दफ्तरांच्या वाटेने आला आणि दोन्ही भाषांत त्याने निराळा संसार मांडला. कन्नडात तो नोंद, दस्तऐवज, खेळाडूचा विक्रमसुद्धा. मराठीत उदाहरण, आणि जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा कागद. मूळ अर्थ इतकाच की, जे आत आले ते. जे बाहेर राहिले त्याविषयी हा शब्द मौन पाळतो, आणि आपण त्या मौनालाच नकार समजतो.

शहराच्या दक्षिणेस बेगूरच्या नागेश्वर मंदिरात इ. स. ८९० च्या सुमाराचा, गंगांच्या काळातील एक वीरगळ आहे. त्यावरील जुन्या कन्नड लेखात बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख येतो. लोककथा मात्र सांगते की, होयसळ राजा वीर बल्लाळ रानात वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले आणि त्यावरून 'बेंद काळूरु', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, हे नाव पडले. दुसरा वीर बल्लाळ गादीवर आला तो ११७३ च्या सुमारास. दगड सुमारे तीनशे वर्षांनी वडील. कथेतील व्युत्पत्ती टिकत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

पण खोटी ठरली ती व्युत्पत्ती. भुकेल्या वाटसरूला कोणा म्हातारीने मूठभर दाणे दिलेच नाहीत, असे तो दगड म्हणत नाही. त्याला ते कोणी विचारलेलेच नाही. वीरगळ लढून पडलेल्यांसाठी उभारीत. चुलीपुढे बसलेलीसाठी कोण दगड घडवणार?

आश्चर्य असे की, हा विवेक कायद्याने आपल्याहून अधिक राखला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात शाबीत झालेले आणि खोटे ठरलेले यांखेरीज तिसरे घर होते : दोन्हींपैकी काहीच न ठरलेले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला; हे घर त्यातही आहे. बोलण्यात मात्र आपण "पुरावा नाही" येथून "घडलेच नाही" येथे एका दमात उतरतो.

देशभर जन्मनोंदणी सक्तीची करणारा कायदा १९६९ चा. त्याआधी खेड्यात जन्मलेली एखादी म्हातारी आज खिडकीपाशी येते. पाणिनीने 'साक्षी'चा अर्थ साक्षात पाहणारा असा लावला. तिचा जन्म पाहणारे केव्हाच गेले. आतून विचारणा होते, "जन्माचा दाखला?" ती काही न बोलता आपले दोन्ही हात काउंटरवर ठेवते.