कोयता फडात, नाव यादीत

मतदान केंद्रावर ओळखपत्र मागावे की नाही, यावर आपल्याकडे तावातावाने बोलले जाते; पण धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा वाद भलत्याच दाराशी चालला आहे. छायाचित्र असलेले मतदार ओळखपत्र मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ मध्ये आले. आज ते जवळ नसले तरी आधार, पॅन, रोजगार हमीचे जॉब कार्ड, फोटो लावलेले बँकेचे पासबुक अशी बारा पर्यायी कागदपत्रे निवडणूक आयोग मान्य करतो; यादीत नाव तेवढे हवे. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडच्या ऊसतोड मजुराजवळ यांतले एखादे तरी बहुधा असतेच. मतदानाच्या दिवशी तो मात्र गावात नसतो. मुकादमाची उचल घेतलेली टोळी दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघते आणि फड संपल्यावरच परतते. विधानसभेचे मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला झाले, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला. दोन्ही वेळा हंगाम तोंडावर होता. २०२४ मध्ये मात्र गाळपाला १५ नोव्हेंबरपासून परवानगी मिळाली आणि मतदान २० नोव्हेंबरला आले. त्याच वर्षी लोकसभेचे मतदान इथे ७ मे रोजी, टोळ्या परतल्यावर झाले होते. म्हणजे मजूर, त्याचे कार्ड आणि त्याचे नाव तेच. बदलली ती तारीख.

कडक कागदपत्रांशिवाय बोगस मतदान कसे थांबणार, हा आक्षेप रास्त आहे. पण लबाडी शिरते कुठून तेही पाहू. केंद्रात गावचेच मतदान प्रतिनिधी बसलेले असतात, बोटाला शाई लागते, आणि आपल्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेले असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका मागता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुळजापूर मतदारसंघात जो प्रयत्न उघडकीस आला तो केंद्रावरचा नव्हता. नवमतदार नोंदणीचे हजारो ऑनलाइन अर्ज संशयास्पद निघाले आणि गुन्हा नोंदवला गेला. ती नावे यादीत शिरली असती तर त्यांना अधिकृत ओळखपत्रेही मिळाली असती, कारण कार्ड यादीवरूनच निघते. त्यामुळे राखण करायची ती यादीची.

पण ही राखणही डोळसपणे हवी. बिहारमध्ये मतदार यादीच्या २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळली. मृत आणि दुबार नावांबरोबर स्थलांतरित किंवा न सापडलेल्यांचीही त्यांत मोठी संख्या होती. ओळखीचा पुरावा म्हणून आधार स्वीकारण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला ८ सप्टेंबरला आदेश द्यावा लागला. अशी पडताळणी कळंब-वाशीत ऐन हंगामात झाली, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला (बीएलओ) दारोदारी कुलपे दिसतील. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचा रहिवास संपत नाही. बंद घर हा नाव वगळण्याचा पुरावा ठरू नये, यासाठी कायदा बदलायची गरज नाही. तो पाळायला हवा.

मजुरांनी कारखान्याच्या गावी नाव का नोंदवू नये, असेही विचारले जाते. टोळी फडागणिक हलते, आणि त्यांची ग्रामपंचायत, रेशन, मुलांची शाळा मूळ गावी आहे. ज्या गावाचा कारभार त्यांच्यावर चालतो तिथलेच मत सोडायला सांगणे हा न्याय नव्हे. मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, पण टनावर पैसे घेणाऱ्या आणि शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जोडप्याला एका दिवसाच्या सुट्टीचा उपयोग काय? त्याला गाडी लागते. ती उमेदवाराने पुरवली तर १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३(५) नुसार तो भ्रष्टाचार ठरतो, आणि लपूनछपून पुरवली तर मत मिंधे होते. दूरस्थ मतदान यंत्राचा आयोगाचा २०२२ चा प्रस्ताव पक्षांच्या अविश्वासामुळे अडला. तो अविश्वास अनाठायी म्हणता येत नाही, कारण परमुलखातल्या केंद्रावर प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी कुठून येणार? मग साधा उपाय उरतो: मतदान झाल्यावरच गाळपाला परवानगी द्यावी, आणि ते जमत नसेल तर कारखान्यांच्या खर्चाने, प्रशासनाच्या देखरेखीखाली टोळ्यांना गावी आणून परत पोचवावे. गाळप आठवडाभर लांबले तर उसाचा उतारा घटतो, खर्च वाढतो, हे कारखानदारांचे म्हणणे खोटे नाही. पण गाळपाची तारीख दरवर्षी सरकारच ठरवते, आणि त्या तारखेत शेतकरी, कारखाना, पाऊस या सगळ्यांचा हिशेब होतो. त्या हिशेबात तोडणाऱ्याचे मतही धरले पाहिजे.